एका चाकाची खोगीरभरती

‘पुढचं चाक कुठं पडलं?’

हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारलाय, ते मोजणं मी सोडून दिलंय. सिग्नलला थांबलेले रिक्षावाले विचारतात, सकाळी फिरायला निघालेले आजोबा विचारतात, शाळेच्या व्हॅनमधून डोकं बाहेर काढून पोरं विचारतात. प्रत्येकाला वाटतं, हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मी हसते. एकचाकीवर असताना हसणं काही सोपं काम नाही, तोल जातो, तरी हसते.

खरं तर मला कुणीतरी वेगळाच प्रश्न विचारावा, असं फार दिवस वाटत होतं. ‘दुखत नाही का गं?’ हा तो प्रश्न. कुणी विचारला नाही. आणि मीही आपणहून कुणाला सांगितलं नाही. जवळजवळ दोन महिने.

माझी युनिसायकल सेकंडहँड आहे. कॉलेजातला एक सीनियर नोकरीसाठी बंगळूरला निघाला होता, त्याच्याकडून घेतली. चाक २४ इंची, मागचं-पुढचं काही नाही, ब्रेक नाही, हँडल नाही. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये भिंत धरून शिकले. तीन आठवडे फक्त पडले, चौथ्या आठवड्यात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेले आणि इतकी ओरडले की वॉचमनकाका धावत आले. घरी फोन केला तर आजी म्हणाली, ‘सर्कशीत जायचंय का गं तुला?’ आजी सांगली जिल्ह्यातली. तिच्या तोंडी सर्कस शोभते. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढणारे विष्णुपंत छत्रे तिकडचेच, अंकलखोपचे. १८८० साली त्यांनी ती सुरू केली. म्हणजे आजीचा टोमणा तसा इतिहासाला धरून होता.

मला मात्र तंबूत नव्हतं जायचं, मला खडकवासल्याला जायचं होतं. आमच्या कर्वेनगरच्या हॉस्टेलपासून धरणापर्यंत साधारण बारा किलोमीटर. एका चाकावर, मधे बस न पकडता. एवढीच हौस. पण दोन-अडीच किलोमीटर झाले की मला उतरावं लागायचं. पाय भरून येत म्हणून नाही, दमही लागत नसे. सीट सहन होत नव्हती.

इथं जरा यंत्राकडे बघू या. साध्या सायकलवर आपलं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: हातांमधून हँडलवर, पायांमधून पॅडलवर, उरलेलं सीटवर. चढ आला की आपण उभे राहतो, उतार आला की पॅडल थांबवून जरा ढुंगण हलवून घेतो. (हा शब्द पेपरात चालतो का, हे मी डेस्कवर विचारलं. चालतो म्हणाले.) एकचाकीत यातलं काही नाही. चाक आणि पॅडल एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पाय थांबवले की थांबलं चाक, पुढे गेलात तुम्ही. हँडल नाही, त्यामुळे हातांवर भार टाकायची सोय नाही. सरळ ताठ बसायचं आणि जवळजवळ सगळं वजन त्या केळ्यासारख्या वाकड्या सीटवर. २४ इंची चाकाच्या एका फेऱ्यात अंतर कापलं जातं साधारण १.९ मीटर. बारा किलोमीटरला झाले सहा हजारांहून जास्त फेरे. आणि प्रत्येक फेऱ्याला दोन्ही मांड्या सीटच्या कडेला एकदा तरी घासून जातात.

दुखण्याचं मला काही वाटलं नसतं. खरी भीती वाटली ती बधिरपणाची. उतरल्यावर काही मिनिटं मधल्या भागात काही कळायचंच नाही, मग मुंग्या. पहिल्यांदा झालं तेव्हा मी गूगल केलं, दोन ओळी वाचल्या आणि घाबरून फोन बंद केला. रूममेटला सांगितलं की गुडघा दुखतोय. आईला सांगितलं की परीक्षा आहे म्हणून चालवत नाही. आमच्याकडे पाळीबद्दल आता जरा मोकळं बोलतात, पॅडच्या जाहिराती सगळ्यांसमोर बघतात. पण ‘सीटवर बसून इथं दुखतं’ हे वाक्य कुणाशी बोलायचं, तेच मला कळत नव्हतं. एकचाकी हॉस्टेलच्या जिन्याखाली गेली.

शेवटी फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मैत्रिणीशी बोलले, तेही दुसरीच कुणीतरी असल्यासारखं. तिला लगेच कळलं. तिने वहीच्या पानावर चित्र काढलं. आपण बसतो ते खरं तर दोन हाडांवर, कमरेच्या हाडाच्या खालच्या टोकांवर. ती हाडं वजन घ्यायलाच बनलेली आहेत. त्यांच्यामधला भाग मऊ आहे, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तो भाग वजन घ्यायला बनलेला नाही. सीट अरुंद असली की हाडं सीटच्या बाहेर लटकतात आणि सगळा भार त्या मधल्या भागावर येतो. सायकलवाल्यांमध्ये हे जुनं, माहितीतलं दुखणं आहे. बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येही. ‘बधिर झालं की उतरायचं,’ ती म्हणाली, ‘आणि उतरूनही बराच वेळ तसंच राहिलं तर गूगल नाही, डॉक्टर.’ मग म्हणाली, ‘सीट बदल ना बाई.’

किती सोपं! मी पुन्हा शोधायला लागले. एड प्रॅट नावाचा ब्रिटिश मुलगा १९ वर्षांचा असताना, २०१५ मध्ये, ३६ इंची एकचाकी घेऊन सॉमरसेटमधल्या घरून निघाला आणि २०१८ मध्ये जगाला वळसा घालून परत आला. ३० हजार किलोमीटरहून जास्त. तो बसला कशावर, हे मी त्याच्या व्हिडिओंमध्ये डोळे फाडून बघत होते. क्रिस होल्म हा कॅनडातला भूवैज्ञानिक डोंगरउतारावर एकचाकी चालवतो आणि त्याने १९९९ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तिच्या सीट मिळतात. जपानमध्ये तर प्राथमिक शाळांमध्ये पोरं एकचाकी शिकतात, आणि त्यात मुली इतक्या की तिथे हा मुलींचाच खेळ वाटावा. ते वाचून मला फार बरं वाटलं. पण परदेशातून एक चांगली सीट मागवायची तर तिची किंमत, पार्सलचा खर्च आणि कस्टम्स मिळून माझ्या इंटर्नशिपचा एक महिना गेला असता. अख्खी एकचाकी त्याहून स्वस्तात पडली होती.

आणि एक गोष्ट लक्षात आली. एकचाकीवरून लांब जाणारे लोक विकतची सीटही आहे तशी वापरत नाहीत. कुणी फोम काढून वेगळा घालतो, कुणी मधे चर पाडतो, कुणी खालचा प्लॅस्टिकचा बेस टाकून कार्बन फायबरचा बनवतो, कुणी तर फोमच्या जागी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब घडी घालून बसवतो आणि हवा कमी-जास्त करतो. म्हणजे मराठीत ज्याला आपण नावं ठेवतो, ती खोगीरभरती. खोगिरात कोंबलेल्या चिंध्या म्हणजे बिनकामाचा भरणा. पण ज्याला त्या खोगिरावर बसायचंय, त्याला विचारा भरती काय असते ते!

पुण्यात खोगीरभरती करायची तर नाना पेठ. टू-व्हीलरचे पार्ट आणि सीट कव्हर, दोन्हींसाठी. चौथ्या दुकानात माझं कुणीतरी ऐकून घेतलं. (पहिल्या तिघांनी पुढचं चाक विचारलं.) दुकान म्हणजे सहा बाय आठचं खोपटं, शिलाई मशीन, रेक्झीनचे रोल, छताला टांगलेल्या बुलेटच्या सीट. काकांनी सीट उलटी करून बघितली, अंगठ्याने दाबली, वास घेतला. ‘स्पंज मेलाय,’ म्हणाले. ‘किती मऊ करू?’

मी म्हटलं, ‘एकदम मऊ. सोफ्यासारखी.’

ते म्हणाले, ‘ताई, मऊ नका करू. पस्तावाल.’

मी हट्ट केला. दुखतंय तर मऊच हवं, यात न कळण्यासारखं काय आहे? त्यांनी तीन इंचांचा मऊ स्पंज लावला, काळं रेक्झीन चढवलं, वर लाल पायपिंग. इतकी देखणी झाली की मी आधी तिचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बसले आणि एका किलोमीटरच्या आत उतरले. पूर्वीपेक्षा वाईट. झालं असं, की स्पंज मऊ म्हणून हाडं त्यात बुडाली आणि मधला स्पंज फुगून वर आला, नेमका नको त्या जागी. सीट रुंद झाल्यामुळे मांड्या फाकल्या, उंची वाढल्यामुळे पाय पॅडलला पुरेनात. आणि ते सुंदर लाल पायपिंग! त्याची उभी शिवण मांडीच्या आतल्या बाजूला आली होती. संध्याकाळी तिथं बटाट्याच्या सालीएवढं कातडं गेलेलं.

दोन दिवसांनी मी परत गेले. ‘काय झालं?’ काकांनी विचारलं. मी ‘नीट बसत नाही’, ‘जरा त्रास होतो’ असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, ‘हाडाला दुखतं, का मधे दुखतं, का मांडीला घासतं? तिन्हीची तऱ्हा वेगळी.’

मी गप्प.

‘बुलेटवाले लडाखला जाऊन येतात ना, सगळे हेच सांगत येतात. हे मोठे मोठे गडी. लाजायचं काय त्यात? सीट आहे.’

मग मी सांगितलं. तिन्ही. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोर. दोन महिने जे मी आईला सांगितलं नव्हतं ते नाना पेठेत, मशीनच्या खडखडाटात, दीड मिनिटात बोलून झालं. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘मग माप आणा.’

माप घ्यायची युक्ती मैत्रिणीकडची. पार्सलच्या खोक्याचा जाड, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा घ्यायचा, कडक स्टुलावर ठेवायचा, वर ताठ बसायचं, पाय जरा उचलायचे, एक मिनिट. उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या हाडांचं माप. माझं निघालं सव्वातेरा सेंटिमीटर. मूळ सीटचा मागचा सपाट भाग होता जेमतेम अकरा. एका साध्या पुठ्ठ्याने सांगितलं की गेले दोन महिने चूक माझ्या अंगात नव्हतीच. मी तो पुठ्ठा हातात धरून जरा वेळ नुसती बसून राहिले. रूममेटने विचारलं, ‘गुडघा कसा आहे?’ मग तिलाही खरं सांगितलं. तिने लगेच स्वतःचं माप काढलं. मग शेजारच्या खोलीतल्या दोघींनी. त्या रात्री आमच्या मजल्यावर एकही खोका शाबूत राहिला नाही.

दुसरी सीट अशी झाली. बेस जुनाच, प्लॅस्टिकचा. त्याच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंनी ईव्हीएच्या पट्ट्या चिकटवून रुंदी वाढवली. ईव्हीए म्हणजे चपलेच्या तळाला असतो तो टणक फोम. दाबला तर थोडाच दबतो आणि पाणी पीत नाही. हाडांखाली तोच, पाऊण इंच. मधोमध पुढून मागे चार सेंटिमीटर रुंदीचा चर, थेट बेसपर्यंत कापलेला. वरून फक्त एक सेंटिमीटर मऊ फोम. पुढचा भाग निमुळता, मांड्यांना आड येणार नाही असा. काकांनी तो लांब पात्याच्या सुरीने कापला आणि ग्राइंडरवर हलक्या हाताने घासून गोल केला. शहाळं सोलावं तसा. फोमचा काळा भुगा आमच्या दोघांच्या भुवयांवर.

सोल्युशन लावलं, वाळलं, सगळं चिकटलं, आणि काकांनी कपाळावर हात मारला. युनिसायकलची सीट चार बोल्टांनी सीट पाइपच्या डोक्यावर बसते आणि त्या बोल्टांची डोकी बेसच्या वरच्या बाजूला, फोमखाली असतात. त्यातला एक बोल्ट ढिला होता. खालून नट आवळायला गेलो की बोल्टच गोल फिरायचा, आणि वरून त्याला धरायला जागा नाही. सगळा फोम पुन्हा उपटला. (शिव्या कुणाला दिल्या ते लिहीत नाही. मला नव्हत्या.) चारही बोल्ट बेसमध्ये पक्के बसवले, फिरवून बघितले, आणि मगच परत चिकटवाचिकटवी. तुम्ही कधी करायला घेतलंत तर हे आधी बघा. माझ्या दोन दुपारी गेल्या.

कव्हरला या वेळी एकही जोड नाही. अखंड ताणणारं रेक्झीन, ड्रायरने गरम करून दोघांनी दोन बाजूंनी ओढून बसवलं आणि खालून पिना मारल्या. केळ्याच्या वाकावर रेक्झीनला चुण्या पडतात, त्या निघता निघेनात. शेवटी एक चुणी राहिलीच, मागे डावीकडे. ती अजून आहे. पायपिंग नाही. तशी दिसायला ही सीट पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही. पहिल्या फसलेल्या सीटसकट सगळा खर्च झाला सोळाशे रुपये.

आता ती सांभाळायची कशी? कारण एकचाकी पडते. तुम्ही कितीही पोचलेले असा, उतरताना ती एकदा तरी हातातून सुटते, आणि सुटली की सीटच्याच नाकावर नाहीतर शेपटावर आपटते. तिला पडायला दुसरी जागाच नाही. म्हणून सीटला पुढे-मागे बंपर असतात. माझा पुढचा आधीच फुटला होता आणि त्याखालून रेक्झीन डांबरावर घासायला पहिल्याच दिवशी सुरुवात झाली. नवीन बंपर मिळेना. हॉस्टेलच्या कोपऱ्यावर जे चप्पल शिवणारे मामा बसतात, त्यांनी सीट हातात घेतली, काही न बोलता टायरचा तुकडा काढला (टायरच्या तळाच्या चपला करतात तो), बंपरच्या आकाराचा कापला आणि खिळ्यांनी ठोकायला निघाले. मी त्यांचा हात धरला. खिळे नकोत, मामा, जुन्या भोकांतून स्क्रू आणि खाली वायसर. झिजला की काढून दुसरा लावता यायला हवा. दोन्ही टोकांना बसवला. आता ती पडते तेव्हा ‘खट्ट’ ऐवजी ‘धप्प’ आवाज येतो. तो ऐकूनच जीव थंड होतो.

तरी सगळ्यात चांगला बंपर म्हणजे आपला हात. सीटच्या पुढे मूठ असते, उतरताना ती पकडायची आणि मागच्या बाजूने उतरायचं. मी ही सवय शिकताना लावून घेतली नव्हती, तेव्हा मला फक्त स्वतःला सावरायचं होतं. आता स्वतः पडते पण सीट पडू देत नाही, असंही झालंय. कोपर फोडून घेतलंय, सीटला ओरखडा नाही. आईला हे सांगितलेलं नाही.

पावसाचं म्हणाल, तर रेक्झीनमधून पाणी जात नाही, पिनांच्या भोकांतून जातं. वरचा मऊ फोम एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि मग त्याला ओल्या मोज्यांचा वास येतो. म्हणून कव्हरखाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक घातलंय आणि बाहेर उभी करताना वर शॉवर कॅप. गुलाबी, फुलाफुलांची. उन्हात ठेवत नाही, रेक्झीन तडकतं. हॉस्टेलच्या मांजरीचा मात्र बंदोबस्त झालेला नाही. तिला ती चुणीच आवडते.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला निघाले. रूममेट मागून अ‍ॅक्टिव्हावर, ब्लिंकर लावून. राजाराम पूल ओलांडला, सिंहगड रोडला लागले. वडगावला पहिल्यांदा उतरले, सवयीने. आणि जाणवलं की उतरायची गरज नव्हती. बधिर काही नव्हतं. हाडं दुखत होती, चक्क हाडं, जी दुखायला हवीत ती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हसत होते. रूममेटला वाटलं मला चक्कर आली.

धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडीचा चढ. तिथे पाय गेले. पन्नास-साठ पावलं एकचाकी खांद्यावर घेऊन चालले. ते बारा किलोमीटरांत धरायचं की नाही, यावर आमच्या मजल्यावर अजून वाद चालू आहे. सव्वासातला धरणाच्या भिंतीवर ऊन येत होतं. कणीसवाल्या मावशी शेगडी पेटवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. मी उत्तर तयार ठेवलं.

‘एवढ्या लांब यावर बसून आलीस?’ त्या म्हणाल्या. ‘अगं, दुखत नाही का?’

सोमवारी काकांना व्हिडिओ दाखवायला गेले. त्यांनी तो बघताना रस्ता बघितला नाही, मला बघितलं नाही, झूम करून सीटची मागची बाजू बघितली. ‘ती चुणी काढायची राहिली,’ म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात घेऊन या, पैसे नकोत.’ मशीनच्या वर, खिळ्याला, लोकांच्या बुलेटच्या सीटची पुठ्ठ्याची मापं लटकवलेली असतात. प्रत्येकावर मार्करने गाडीचं नाव. त्यात माझ्या सीटचा निमुळता पुठ्ठाही होता. त्यावर लिहिलं होतं: ‘एकचाकी, ताई, चर ४ सेंमी. मऊ नको.’